हेडफोनसाठी अँप घ्यायचाय? आधी हेडफोनच्या डब्यावरचे दोन आकडे वाचा

नवा फोन घरी आणला की लक्षात येतं, हेडफोनची पिन घालायला भोकच नाही. ॲपलने २०१६ साली आयफोन ७ मधून ते काढून टाकलं, मग हळूहळू बऱ्याच कंपन्यांनी तेच केलं. पण लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग करणारी, भजनाचं रेकॉर्डिंग करणारी किंवा तबला-हार्मोनियमचा रियाज करणारी आपल्याकडची पोरं अजून वायरचाच हेडफोन वापरतात. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोचतो, ठेका जुळत नाही, म्हणून. अशांना ऑनलाइन छोटे हेडफोन अँप सारखे दिसत राहतात. पाचशे रुपयांपासून पंधरा-वीस हजारांपर्यंत. घ्यावा का, आणि कितीचा?

अँप म्हटलं की डोळ्यांपुढे डीजेचा येतो, हजारो वॉटचा. इथला हिशेब मिलीवॅटमध्ये, म्हणजे वॉटच्या हजाराव्या भागात आहे. फोनमधलं गाणं आकड्यांच्या रूपात असतं. त्याचा विजेचा सिग्नल करणाऱ्या भागाला डॅक म्हणतात आणि त्या सिग्नलला जोर देतो तो अँप. बोटभर लांबीच्या यूएसबी-सी डोंगलमध्ये हे दोन्ही असतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. ब्लूटूथ हेडफोन असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. त्याच्या आत स्वतःचा डॅक आणि अँप असतो, बाहेरचा लावून काही होत नाही.

आता डब्यावरचे आकडे. पहिला ओहमचा, म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो ते. दुसरा डेसिबलचा, म्हणजे १ मिलीवॅट दिला तर आवाज किती निघतो. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स ४७ ओहमचा आहे. बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये येतो. दोन्ही कंपन्या दुसरा आकडा ९६ डेसिबलच लिहितात. मग फरक कुठे पडतो? व्होल्टचा वर्ग करून ओहमने भागला की पॉवर मिळते, दहावीला शिकलेलंच. १ व्होल्ट दिला तर ४७ ओहमला सुमारे २१ मिलीवॅट मिळतात आणि आवाज १०९ डेसिबलपर्यंत जातो. तोच व्होल्ट २५० ओहमला फक्त ४ मिलीवॅट देतो, आवाज १०२ वर थांबतो. फोन किंवा डोंगल अर्धाच व्होल्ट देत असेल तर ९६. नव्या गाण्यांना तेवढं पुरतं, पण जुन्या मैफलीचं हळू रेकॉर्डिंग लावलं की आवाज पूर्ण करूनही समाधान होत नाही. २५० ओहमला २ व्होल्ट मिळाले की तो १०८ वर येतो, म्हणजे जवळपास लहान भावाच्या बरोबरीला.

म्हणून जाहिरातीतल्या '३२ ओहमला इतके मिलीवॅट' या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. जास्त ओहमच्या हेडफोनसाठी तो अँप किती व्होल्ट देतो ते बघा. (काही कंपन्या डेसिबल दर व्होल्टला लिहितात, तो आकडा वरच्याशी थेट ताडू नका.)

खरेदीचं म्हणाल तर हेडफोन १६ ते ५० ओहमचा असेल आणि आवाज सत्तर-ऐंशी टक्क्यांवरच भरपूर होत असेल, तर अँपची गरज नाही. फोनला भोक नसेल तर हजार-दीड हजारातला डॅकवाला साधा डोंगल बास झाला. ॲपलचा डोंगल चांगला आहे, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज पूर्ण उघडत नाही. २५०-३०० ओहमचा स्टुडिओ हेडफोन घेतलाच असेल, तर २ व्होल्ट देणाऱ्या डोंगलवर तीन-चार हजार घालवणं समजू शकतो. स्वतःची बॅटरी असलेला जाडजूड अँप पहिल्या खरेदीत नकोच. आणि पाचशेच्या हेडफोनला चार हजारांचा अँप लावायचा विचार असेल, तर तेच पैसे हेडफोनमध्ये घाला. फरक पहिल्या मिनिटाला कळेल.

मोबाईल शॉपीत शंभर-दीडशेला मिळणारी पिन मात्र जपून घ्या. काहींत चिपच नसते, नुसती वायर असते. ती मोजक्याच फोनवर चालते, बाकीच्यांवर मुकी. डब्यावर डॅक लिहिलंय का बघा आणि दुकानातच स्वतःच्या फोनला लावून बघा. ओप्पो, रिअलमी, वनप्लसच्या अनेक फोनमध्ये सेटिंगमध्ये ओटीजी चालू करावं लागतं, आणि वापर नसला की दहा मिनिटांत ते आपोआप बंद होतं. डोंगल खराब निघाला म्हणून परत करण्याआधी एवढं तपासा. डोंगल फोनच्याच बॅटरीवर चालतो आणि चार्जिंगची जागाही अडवतो, तेव्हा दिवसभर लाईट नसणाऱ्या गावात हा विचार आधी करावा. फोनवर बोलायचं असेल तर माइक चालतो का तेही विचारा, सगळ्यांत चालत नाही. कानात घालायचे नाजूक इअरफोन असतील तर जोरदार अँपवर शांत जागी 'सूं' असा आवाज येतो. तिथे कमी ताकदीचाच बरा.

शेवटचं कानाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकणं चालतं, ९० डेसिबलला फक्त ४ तास. वरचे १०८-१०९ हे रोज ऐकायचे आकडे नाहीत, हळू रेकॉर्डिंगसाठी हाताशी राहणारी जागा आहे. नवा अँप लावताना आवाज शून्यावर आणा, मग पिन घाला, मग हेडफोन कानाला लावा.