बेस गिटारचा ब्रिज बदलताना

लिओ फेंडर यांच्या १९५१ च्या प्रिसिजन बेसच्या ब्रिजवर, म्हणजे तारांचे खालचे टोक धरणाऱ्या धातूच्या पट्टीवर, चार तारांना दोनच सॅडल, अर्थात तारा टेकण्याचे आधार होते. त्यामुळे प्रत्येक तारेची कंपणारी लांबी स्वतंत्रपणे जुळवून प्रत्येक पडद्यावर सूर नेमका ठेवता येत नसे, आणि ही उणीव १९५७ मध्ये चार सॅडल देऊन दूर झाली. नवा ब्रिज निवडताना वजनाआधी मापे पाहावीत, कारण स्क्रूंच्या छिद्रांची मांडणी जुळली नाही तर सुंदर लाकडात पुन्हा भोके पाडावी लागतात, आणि तारांमधील अंतर (फेंडर पद्धतीत सुमारे १९ मिमी) चुकले तर तारा पिकअपच्या, म्हणजे तारांचे कंपन टिपणाऱ्या भागाच्या, चुंबकांवरून सरकतात. जड ब्रिजने नाद हमखास लांबतो, हे मात्र सरसकट मानू नये. गंजलेले स्क्रू आणि खडखडणारे सॅडल हेच बदलाचे खरे कारण होय.