संगणकाच्या जुन्या खिडक्या

गतकाळाविषयी मनुष्याला ओढ वाटावी, यात नवल नाही. जुने घर, जुनी शाळा, जुना रेडिओ यांच्या आठवणी काढणारी माणसे सर्वत्र आढळतात. परंतु अवघ्या तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या संगणकाविषयी, त्यातही त्याच्या पडद्यावरील करड्या चौकटींविषयी व चिमुकल्या चित्रांविषयी कोणी हळवे व्हावे, हे प्रथमदर्शनी काहीसे विचित्र वाटते. तथापि असे घडत आहे खरे. पन्नाशीच्या आसपासची कित्येक माणसे ‘विंडोज 3.1’ अथवा ‘विंडोज 95’ या कालबाह्य प्रणाली आजच्या संगणकावर मुद्दाम चालवून पाहतात आणि त्यांतील पत्त्यांचा डाव पुन्हा मांडून बसतात. बेळगाव-निपाणी भागात या ओढीला आणखी एक कारण आहे. येथील सामान्य माणसाच्या मराठीला संगणकाच्या पडद्यावर पहिल्यांदा जागा मिळाली, ती याच खिडक्यांतून.

हे नीट समजण्यासाठी त्याआधीचा संगणक कसा होता, ते पाहणे उचित ठरेल. 1981 साली आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याच्या काळ्या पडद्यावर एका वेळी 25 ओळी व प्रत्येक ओळीत 80 अक्षरे मावत असत. काम करून घ्यावयाचे, तर इंग्रजीतील ठरावीक आज्ञा पाठ असाव्या लागत. एक अक्षर चुकले, तरी यंत्र काम नाकारीत असे. शिवाय त्या पडद्यावर उमटावयाची 256 चिन्हे यंत्रातच कायमची बसविलेली असत आणि त्यांत देवनागरीचे एकही अक्षर नव्हते. मराठी लिहावयाचे, तर यंत्रात निराळी पट्टी बसवावी लागे. ‘जिस्ट’ या नावाने ओळखली जाणारी ही पट्टी कानपूरच्या आयआयटीत झालेल्या संशोधनातून निघाली व 1988 साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने तिचा पुढे प्रसार केला. सोय उत्तम होती; परंतु लहान गावातील छापखानदाराला ती सहज परवडण्यासारखी नव्हती.

चित्रमय पडद्याची कल्पना त्याहून जुनी आहे. डग्लस एंगेलबार्ट या अमेरिकन संशोधकाने 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे माऊसचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक करून दाखविले. पुढे झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत 1973 साली ‘आल्टो’ नावाचा संगणक तयार झाला. लिहिण्याच्या मेजावर जसे कागद पसरलेले असतात, तशा त्याच्या पडद्यावर चौकटी मांडता येत. 24 जानेवारी 1984 रोजी ॲपल कंपनीचा ‘मॅकिंटॉश’ आला. त्यावरील कागद, कचऱ्याची पेटी इत्यादी चित्रे सुझन केअर या चित्रकर्तीने काढली. 32 आडव्या व 32 उभ्या घरांच्या जाळीत, केवळ काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांतून, तिने ती साधली होती. 1985 साली मायक्रोसॉफ्टची पहिली ‘विंडोज’ निघाली. 1990 साली तिसरी आवृत्ती आली आणि 24 ऑगस्ट 1995 रोजी ‘विंडोज 95’ प्रसिद्ध झाली. आता आज्ञा पाठ करण्याची गरज उरली नाही. हवे त्या चित्रावर बोट ठेवल्यासारखा बाण न्यावा व कळ दाबावी, एवढे पुरेसे झाले. ज्याचे इंग्रजी बेताचे, त्यालाही यंत्रापुढे बसण्याचा धीर आला. पत्त्यांच्या डावाने तर कित्येकांच्या हाताला माऊस धरण्याचे व ओढण्याचे वळण लावले.

परंतु मराठीच्या दृष्टीने या पडद्याचा मोठा गुण निराळाच होता. त्यावर उमटणारे प्रत्येक अक्षर हे ठिपक्यांनी काढलेले चित्रच असे. ए काढता येतो, तर क का काढता येऊ नये? अक्षरांच्या आकारांचा संच, म्हणजे टंक, यंत्रात भरला की पडदा मराठी बोलू लागे. पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची ‘श्री-लिपी’, बंगळूरच्या सायबरस्केपची ‘आकृती’ असे संच बाजारात आले. 1985 साली निघालेल्या ‘पेजमेकर’ या पृष्ठरचनेच्या साधनाशी त्यांची जोडी जमली आणि छपाईचा धंदा पालटला.

सीमाभागात हा पालट विशेष जाणवला. येथील छापखान्यात एकाच दिवशी मराठी लग्नपत्रिका, कन्नड जाहिरात व इंग्रजी पावतीपुस्तक अशी तिन्ही कामे येऊ शकतात. खिळे जुळविण्याच्या काळात याचा अर्थ तीन लिप्यांच्या खिळ्यांचे निरनिराळे खण बाळगणे, असा होता. मराठीचे अर्धी अक्षरे, काना-मात्रा व जोडाक्षरे यांचे खिळेच शेकड्यांनी असत. वर्षानुवर्षे उभ्याने काम करून जुळाऱ्याच्या बोटांना खणाची जागा ठाऊक झालेली असे. संगणक आला आणि तीन लिप्यांचे सगळे खण एका पेटीत मावले. अक्षर लहान-मोठे करणे, ओळ पुढे-मागे सरकविणे, हे सारे डोळ्यांदेखत होऊ लागले. कागदावर जसे उमटावयाचे, तसेच ते पडद्यावर आधी दिसू लागले. त्या दिवसांविषयी वाटणारी ओढ ही या नवलाची ओढ होय.

मात्र या नवलात एक उणीव दडलेली होती. पडद्यावर मराठी दिसत असले, तरी यंत्राच्या स्मरणात मराठी नव्हते. संगणक प्रत्येक अक्षर क्रमांकाच्या रूपाने साठवितो. त्या काळी एका टंकाला 256 च क्रमांक उपलब्ध असत व ते मूळ इंग्रजी अक्षरांसाठी आणि चिन्हांसाठी नेमलेले होते. टंक करणाऱ्यांनी त्याच क्रमांकांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसविले. म्हणजे दारावरची पाटी मराठी, परंतु आतील नोंदवही इंग्रजी, असा प्रकार झाला. शिवाय कोणता तुकडा कोणत्या क्रमांकावर, हे प्रत्येक कंपनीने स्वतःपुरते ठरविले. परिणामी एका संचात लिहिलेला मजकूर दुसऱ्या संचात उघडला की त्याचा अर्थहीन गोंधळ होई. बेळगावच्या संगणकावर तर मराठी मजकुराला चुकून कन्नड टंक लागला की तीच बातमी कन्नड अक्षरांची निरर्थक माळ होऊन समोर उभी राही. यंत्राच्या लेखी दोन्ही भाषांचे क्रमांक एकच होते.

यावरील उपाय ‘युनिकोड’ या जागतिक संकेताने केला. त्याची पहिली आवृत्ती 1991 साली प्रसिद्ध झाली. त्यात निरनिराळ्या लिप्यांना स्वतंत्र जागा आहे. देवनागरी क चा क्रमांक 2325, तर कन्नड क चा 3221. त्यामुळे एका अक्षराच्या जागी दुसरे येण्याची भीती राहिली नाही. 2000 साली निघालेल्या ‘विंडोज 2000’ मध्ये मराठीची सोय आली व तीबरोबर ‘मंगल’ हा टंकही आला. त्याचे आरेखन थोर अक्षरकार र. कृ. जोशी यांचे होय. योगायोग असा की, त्याच वर्षी बेळगावात य. दि. फडके यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. परंतु नवा संकेत आला म्हणून जुनी सवय लगेच सुटत नाही. छापखान्यांतून जुन्या टंकांचे राज्य पुढेही बराच काळ चालू राहिले.

म्हणूनच आज एक अडचण उभी आहे. सुमारे 1990 पासून पुढची पंधरा-वीस वर्षे या भागात जे मराठी छापले गेले, त्यातील कितीतरी मूळ मजकूर जुन्या टंकांत अडकलेला आहे. शाळांची वार्षिके, कडोली, उचगाव, येळ्ळूर यांसारख्या गावांत भरणाऱ्या साहित्य संमेलनांच्या पत्रिका, सीमाप्रश्नावरील पत्रके, गावोगावच्या मंडळांच्या स्मरणिका, अशा कागदांतूनच पुढे प्रदेशाचा इतिहास लिहिला जातो. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपासून ज्या भागात भाषेचा प्रश्न धगधगत राहिला, तेथे तर या कागदांचे मोल अधिकच. पण 1.44 मेगाबाइटची ती चौकोनी फ्लॉपी आज कोणत्या संगणकात घालावयाची? घातली, तरी तिच्यावरील चुंबकीय लेप वर्षांगणिक क्षीण होत जातो. ‘पेजमेकर’ची शेवटची आवृत्ती 2001 सालची आहे. टंक हाताशी नसेल, तर उघडलेला मजकूरही वाचता येत नाही.

जुन्या टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये आणण्याची साधने आहेत; मात्र त्यांवर डोळे मिटून विसंबता येत नाही. एक उदाहरण घेण्यासारखे आहे. ‘किती’ हा शब्द जुन्या पद्धतीत दिसतो तसा साठविला जाई. म्हणजे आधी ऱ्हस्व वेलांटी, मग क. नव्या पद्धतीत उच्चाराप्रमाणे क आधी व वेलांटी नंतर येते. ‘सूर्य’ या शब्दातील रफार पूर्वी य च्या मागून येई, आता र म्हणून य च्या आधी येतो. हा क्रम उलटविताना साधन अडखळले की शब्द मोडतो. यास्तव रूपांतरानंतर छापील प्रत शेजारी ठेवून मराठी जाणणाऱ्या माणसाने मजकूर ओळीओळीने तपासणे अवश्य आहे.

जुन्या संगणकावर जीव जडलेला माणूस येथे उपयोगी पडतो. त्याने माळ्यावर ठेवलेला, अद्याप चालणारा संगणक, त्यातील टंकांचा संच आणि ते वापरण्याची त्याची सवय, या तिन्ही गोष्टी आज दुर्मीळ आहेत. घरोघरी व छापखान्यांत पडून असलेल्या फ्लॉप्या तपासून घ्याव्यात, मजकुराबरोबर टंकही जपावा, छापील प्रत असल्यास तिचे छायाचित्र घ्यावे आणि हे सारे गावच्या वाचनालयाकडे सोपवावे. हे काम पुढील काही वर्षांत झाले, तरच होईल. त्या करड्या खिडक्या एकेकाळी मराठीला पडद्यावर घेऊन आल्या. त्यांच्यामागे राहून गेलेले मराठी बाहेर काढावयाचे, तर त्या आणखी एकदा उघडाव्या लागतील. आणि त्या कशा उघडतात हे जाणणारी माणसे आज आपल्यात आहेत.