चार्जर काढला की लॅपटॉप बंद पडतो? आधी बॅटरी तपासा, मग बोट दाखवा



या वेळचा लेख आपल्या ऑफिसातल्या लॅपटॉपवर आहे. "आम्हाला काय करायचंय त्यातलं, ते लेखापाल ताईंचं काम," असं म्हणून पान उलटू नका. लॅपटॉप संघाच्या पैशाचा आहे, आणि संघाचा पैसा म्हणजे तुमचा पैसा. शिवाय मला माझी एक चूकही कबूल करायची आहे.

इंदापूर तालुक्यातल्या एका ग्रामसंघाची मासिक बैठक होती. चौदा गटांची बचत आणि कर्जफेड लेखापाल ताई लॅपटॉपवर भरत होत्या. तीन गटांच्या कर्जाचे प्रस्ताव दुसऱ्या दिवशी बँकेत द्यायचे होते, त्यासाठी आकडे हवे होते. अकरा गटांचं भरून झालं आणि लाईट गेली. पंखा थांबला, आणि त्याच क्षणी लॅपटॉपही काळा. भरलेलं बरंचसं गेलं.

मग सुरू झालं. एक जण म्हणाली, "घरी नेऊन पोरं गेम खेळली असणार." दुसरी म्हणाली, "दुरुस्तीचं मानधनातनं कापा." मीसुद्धा म्हणलं, "ताई, चार्ज करून ठेवायला नको होता का?" ताई काहीच बोलल्या नाहीत. वह्या पुढ्यात ओढल्या आणि मोबाईलच्या उजेडात आकडे जुळवायला बसल्या.

नंतर तपासलं तेव्हा कळलं की ताईंची काही चूक नव्हती. कसं तपासलं ते क्रमानं सांगते. तुमच्याकडं असं झालं तर तुम्हालाही करता येईल.

लॅपटॉपला वीज दोन वाटांनी मिळते

एक वाट चार्जरची. भिंतीतली 230 व्होल्टची वीज चार्जर साधारण 19-20 व्होल्टवर आणून लॅपटॉपला देतो. दुसरी वाट आतल्या बॅटरीची. चार्जर लावलेला असतो तेव्हा लॅपटॉप थेट चार्जरवर चालतो आणि उरलेल्या विजेवर बॅटरी भरते. म्हणून बॅटरी पार मेलेली असली तरी चार्जर असेपर्यंत लॅपटॉप झक्कास चालतो. कुणाला शंकाही येत नाही. लाईट गेली की मगच उघड होतं.

नळाला पाणी आहे तोवर टाकी फुटकी आहे हे कळत नाही, तसंच हे.

पडदा काळा झाला म्हणजे लॅपटॉप बंद झाला असं नाही

ही पहिली तपासणी. दुकानात जायच्या आधी घरीच करायची. चालू लॅपटॉपचं सगळं काम सेव्ह करा, चार्जर काढा आणि बघा:

1. कीबोर्डवरचं कॅप्स लॉकचं बटण दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो का?
2. कानाजवळ घ्या. आतला पंखा ऐकू येतो का?
3. मोबाईलची बॅटरी लावून तिरपा उजेड पडद्यावर टाका. अंधुक अक्षरं दिसतात का?

यातलं काहीही "हो" असेल तर लॅपटॉप चालू आहे, फक्त पडदा अंधारलाय. तिन्ही "नाही" असेल तर लॅपटॉप पूर्ण बंद पडलाय किंवा झोपलाय. चालू करायचं बटण एकदा हलकं दाबा. काम होतं तसं समोर आलं तर तो झोपला होता. काहीच झालं नाही तर वीजच तुटली.

नुसता पडदा अंधारत असेल तर

याला बहुतेक वेळा पैसे लागत नाहीत. चार्जर काढला की वीज वाचवायला लॅपटॉप स्वतःच पडद्याचा उजेड कमी करतो. कीबोर्डच्या वरच्या ओळीत सूर्याच्या चित्राची दोन बटणं असतात, त्यातलं उजेड वाढवणारं दाबून बघा. काही लॅपटॉपमध्ये त्यासोबत एफएन हे बटणही धरावं लागतं.

दुसरं, सेटिंग्जमध्ये सिस्टीम, त्यात पॉवर अँड बॅटरी असं जा. जुन्या विंडोजमध्ये तिथं पॉवर अँड स्लीप लिहिलेलं असतं. बॅटरीवर असताना किती मिनिटांनी पडदा बंद व्हावा आणि किती मिनिटांनी लॅपटॉप झोपावा, हे तिथं ठरवता येतं. बैठकीत आपण बोलत बसतो, लॅपटॉपला हात लागत नाही आणि तो झोपतो. ही वेळ थोडी वाढवून ठेवा.

पडदा उघडझाप करताना चमकत असेल, किंवा झाकण ठराविक कोनात धरल्यावरच दिसत असेल, तर आतली पडद्याची वायर खराब असू शकते. ते मात्र दुकानाचं काम.

पूर्ण बंद पडत असेल तर

चार्जर लावा, लॅपटॉप चालू करा आणि खाली उजव्या कोपऱ्यातल्या बॅटरीच्या चित्रावर बाण नेऊन ठेवा. तिथं काय लिहून येतं ते वहीत टिपा.

बॅटरी सापडत नाही असं आलं, किंवा चित्रावर लाल फुली असेल, तर बॅटरी निसटली आहे किंवा पूर्ण गेली आहे. खालून काढता येणारी बॅटरी असेल तर लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, ती एकदा काढा आणि खटका बसेपर्यंत परत बसवा.

"प्लग्ड इन, नॉट चार्जिंग" असं आलं, म्हणजे वीज येतेय पण बॅटरी भरत नाही. तर दोन गोष्टी बघा. एक, चार्जर त्याच लॅपटॉपचा आहे का? चार्जरवर बारीक अक्षरात 45 वॅट, 65 वॅट असं लिहिलेलं असतं. दुसऱ्या लॅपटॉपचा कमी वॅटचा चार्जर लावला तर लॅपटॉप कसाबसा चालतो, पण बॅटरी भरत नाही. दोन, काही लॅपटॉपमध्ये बॅटरी जपण्यासाठी 60 किंवा 80 टक्क्यांवर भरणं थांबवायची सोय असते. ती चालू असेल तर तो बिघाड नाही.

टक्के चांगले दिसतात, शंभरसुद्धा, पण चार्जर काढला की लगेच बंद. आमचं दुखणं हेच होतं. यात बॅटरी म्हातारी झालेली असते.

एक साधा उपाय मात्र आधी करून बघा. लॅपटॉप नीट बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा. मग चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि सोडा. परत बॅटरी, चार्जर लावून चालू करा. कधी कधी आतलं गणित अडकलेलं असतं, ते सुटतं. नाही सुटलं तर पुढं जा.

बॅटरीचा दाखला स्वतः काढा

विंडोजच्या लॅपटॉपमध्ये बॅटरीचा अहवाल फुकट निघतो, हे मलाही उशिरा कळलं.

कीबोर्डवरचं खिडकीच्या चित्राचं बटण दाबा. सी, एम, डी ही तीन अक्षरं टाईप करून एंटर करा. एक काळी चौकट उघडेल. घाबरू नका, काही बिघडत नाही. त्यात पी, ओ, डब्ल्यू, ई, आर, सी, एफ, जी अशी अक्षरं जोडून टाईप करा. मग एक जागा सोडा. मग उजवीकडं कललेली तिरपी रेघ, आणि तिला चिकटून बी, ए, टी, टी, ई, आर, वाय, आर, ई, पी, ओ, आर, टी. एंटर दाबा. अहवाल कुठं साठवला त्याचा पत्ता समोर येतो. तिथं जाऊन ती फाईल उघडा.

अहवाल इंग्रजीत असतो, पण आपल्याला दोनच आकडे बघायचेत. "डिझाईन कपॅसिटी" म्हणजे नवी असताना बॅटरीत किती वीज मावायची, आणि "फुल चार्ज कपॅसिटी" म्हणजे आज किती मावते. आमच्या लॅपटॉपचे आकडे 41,000 आणि 6,200 निघाले. म्हणजे शंभरातले पंधराच उरलेत. पडद्यावर "100 टक्के" दिसत होतं ते या पंधराचे शंभर टक्के! वीस लिटरच्या हंड्यात गाळ साचून तीन लिटर पाणी मावावं, आणि आपण म्हणावं हंडा भरलाय, तसं.

मग पंधरा टक्क्यांवर निदान दहा मिनिटं तरी का चालला नाही? आपल्या भागात ठिबक सगळ्यांना माहीत आहे. टाकीत पाणी असतं, पण ड्रिपर क्षारानं चोंदला की झाडापर्यंत येत नाही. बॅटरी जुनी झाली की तिच्या आतला अडथळा असाच वाढतो. लॅपटॉप एकदम वीज मागतो, बॅटरीचा दाब कोसळतो आणि सगळं बंद.

आजचा आकडा मूळ आकड्याच्या निम्म्याखाली आला असेल तर बॅटरी बदलायचा विचार सुरू करा.

बॅटरी म्हातारी का झाली?

आता माझी चूक. लॅपटॉप आला तेव्हा मीच ताईंना सांगितलं होतं, "चार्जर कायम लावून ठेवा, म्हणजे लाईट गेली तरी अडचण नाही." ताईंनी चार वर्षं तेच केलं. पत्र्याच्या खोलीत, एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात, रात्रंदिवस.

लॅपटॉपची बॅटरी लिथियम-आयन प्रकारची असते, मोबाईलमध्ये असते तीच. ती वापरली तरी झिजते आणि नुसती ठेवली तरी झिजते. तिला दोन गोष्टी मानवत नाहीत: सतत काठोकाठ भरलेलं राहणं आणि उष्णता. आम्ही दोन्ही दिलं, तेही माझ्या सांगण्यावरून. ज्या बाईनं सांगितलेलं नीट पाळलं, तिच्याच मानधनातून पैसे कापायला आपण निघालो होतो. पुढच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर ताईंची माफी मागितली.

फुगलेली बॅटरी दिसली तर थांबा

लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नाही, खालचं झाकण उचललंय, माऊसची पट्टी वर आलीय, असं दिसलं तर बॅटरी फुगलेली असू शकते. लगेच बंद करा, चार्जर काढा आणि परत चार्जिंगला लावू नका. दाबू नका, टोचू नका, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका. अशी बॅटरी पेट घेऊ शकते. लेकरांपासून लांब ठेवा आणि दुकानदाराला आधी फोन करून सांगून न्या.

जुनी बॅटरी उकिरड्यावर किंवा भंगारात टाकायची नसते. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी बॅटरी बाजारात आणणाऱ्यांवर आहे. म्हणून नवी घेताना जुनी कुठं जमा करायची ते विचाराच.

दुकानात जाताना

आम्ही बारामतीला गेलो तर पहिल्या दुकानात लॅपटॉप न उघडताच सांगितलं, "मॅडम, जुना झालाय, नवीन घ्या, अडतीस हजारात देतो." अहवालाची प्रिंट हातात नसती तर आम्ही मान डोलावली असती. दुसरीकडं त्याच प्रिंटवर बॅटरी बदलून मिळाली, दोन हजार सहाशेत. म्हणून:

- जायच्या आधी सगळ्या फाईली पेनड्राइव्हमध्ये घ्या.
- अहवालाची प्रिंट किंवा फोटो सोबत न्या.
- तीन दुकानांची दरपत्रकं घ्या, बैठकीत ठराव करा, मगच खर्च करा.
- पासवर्ड लिहून देऊ नका. शक्य असेल तर समोर बसून काम करून घ्या.
- बॅटरी त्याच मॉडेलची आहे ना, ते जुन्या बॅटरीवरच्या नंबराशी ताडून बघा.
- संघाच्या नावानं पक्कं बिल घ्या आणि वॉरंटी किती महिने ते त्यावर लिहून घ्या.
- पैसे द्यायच्या आधी तिथंच परत अहवाल काढा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत. मग चार्जर काढून पंधरा मिनिटं चालवून बघा.

नवी बॅटरी टिकवायची तर

काम झालं की चार्जर काढा. भरणं 80 टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती चालू करा. बॅटरी पार शून्यावर नेऊ नका. सुट्टीत लॅपटॉप बरेच दिवस बंद राहणार असेल तर निम्मा भरून, सावलीत ठेवा. गादीवर, उशीवर ठेवून चालवू नका, खालची हवा कोंडते. महिन्यातून एकदा चार्जर काढून अर्धा तास काम करा, म्हणजे बॅटरी कशी आहे ते बैठकीच्या दिवशी नाही, आधीच कळेल.

आणि बॅटरी कितीही चांगली असली तरी दोन सवयी सोडायच्या नाहीत. प्रत्येक गटाचं भरून झालं की कंट्रोल आणि एस ही बटणं सोबत दाबून सेव्ह करायचं. आणि कागदी वही बंद करायची नाही. त्या रात्री आपले आकडे वाचले ते गटांच्या वह्यांमुळं. ताईंनी रात्री साडेदहापर्यंत बसून ते परत भरले आणि तिन्ही प्रस्ताव दुसऱ्या दिवशी बँकेत गेले.

पुढच्या बैठकीत एक काम करा. आपल्या लॅपटॉपचा बॅटरी अहवाल सगळ्यांसमोर काढा, दोन आकडे इतिवृत्तात लिहा आणि खाली तारीख टाका. दर सहा महिन्यांनी परत लिहा. गटाची बचत जशी आपण वहीत बघतो, तशी आपल्या वस्तूची तब्येतही वहीत दिसू द्या. म्हणजे उद्या काही बंद पडलं तर आपण आधी वही उघडू, आणि कुणा ताईवर बोट दाखवायची वेळ येणार नाही.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, बारामती-इंदापूर