योगाचे विश्वभ्रमण : कोणाला खुले, कोणाला बंद?

योग शिकावा, तो शिकवावा आणि शिकवता शिकवता जग पाहावे, हा जीवनक्रम आज अनेक तरुणांना खुणावू लागला आहे. हिवाळ्यात गोव्यातील मांद्रे-हरमलच्या किनाऱ्यावर वर्ग घ्यायचे, उन्हाळ्यात युरोपातील एखाद्या बेटावर शिबिर भरवायचे, मधल्या काळात बालीतील उबुद किंवा कोस्टारिका गाठायचे आणि वर्षाकाठी महिनाभर ऋषिकेशला वा म्हैसूरला गुरूपाशी बसायचे, असे वेळापत्रक आखून वर्षानुवर्षे फिरणारी माणसे या व्यवसायात खरोखरच आहेत. त्यांना कचेरी नाही, हजेरीपट नाही, वरिष्ठांची बोलणी नाहीत. दहा ते पाच खुर्चीला बांधलेल्या कारकुनाला आणि घंटेच्या ठोक्यावर चालणाऱ्या शिक्षकाला या आयुष्याचा हेवा वाटला तर नवल नाही. पदवीच्या अखेरच्या वर्षातील विद्यार्थीही हल्ली अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला विचारतात, ‘सर, यात पैसा आहे का?’ प्रश्न रोखठोक आहे. पैसा आहे, हे त्याचे अर्धे उत्तर झाले. तो कोणाला मिळतो आणि कशाच्या बळावर मिळतो, हे उरलेले अर्धे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे.

जुनी वाट

योग आणि भ्रमण यांचे नाते आपल्याकडे नवे नाही. परिव्राजकाने एका गावी फार काळ राहू नये, हा संकेत प्राचीन आहे. परंतु त्याच परंपरेने पावसाळ्याचे चार महिने एका जागी मुक्काम करण्याचा नियमही घालून दिला. हठप्रदीपिकेसारखा ग्रंथ तर साधकाने सुव्यवस्थित राज्यात, निवांत जागी, लहानशा कुटीत राहावे असे सांगतो आणि साधनेच्या आरंभकाळात प्रवास वर्ज्य मानतो. पतंजलींनी अभ्यासाला दीर्घकाळ आणि सातत्य यांची अट घातली, तीही याच अर्थाने. भटकंती ही साधनेची पायरी नव्हे. साधना स्थिरावलेल्या माणसाला ती झेपते, एवढाच या परंपरेचा निष्कर्ष आहे.

आधुनिक काळात योगाने समुद्र ओलांडला तो स्वामी विवेकानंदांच्या १८९३ सालच्या शिकागो भेटीनंतर. मुंबईत वर्सोव्याला १९१८ साली योग संस्था स्थापन करणारे श्रीयोगेंद्र पुढच्याच वर्षी अमेरिकेला गेले, न्यूयॉर्कजवळ त्यांनी काही काळ कार्य केले आणि ते परतले. १९२० साली परमहंस योगानंद बोस्टनला पोहोचले. हा ओघ वाढता राहिला असता. परंतु १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वासाठी अपात्र ठरवले आणि १९२४ च्या कायद्याने अशा अपात्रांना स्थलांतराचे दार बंद केले. १९४६ साली ते किंचित किलकिले झाले, म्हणजे वर्षाला अवघ्या १०० भारतीयांचा कोटा मिळाला. राष्ट्रवार कोट्याची ही पद्धत मोडीत निघाली ती १९६५ च्या कायद्याने. अमेरिकेत भारतीय योगगुरूंची रीघ त्यानंतरच लागली, हा निव्वळ योगायोग नव्हे. पश्चिमेला अचानक अध्यात्माची तहान लागली, हे स्पष्टीकरण अपुरे आहे; तहान आधीही होती, पाणी नेणाऱ्याला वेशीवर अडवले जात होते.

याच काळात एका युरोपीय स्त्रीचा प्रवास कसा झाला, हे पाहण्यासारखे आहे. १८९९ साली रीगा येथे जन्मलेल्या यूजीनी पीटरसन १९२७ मध्ये भारतात आल्या. पुढे म्हैसूरला टी. कृष्णम्माचार्यांनी त्यांना आधी नकार दिला. महाराजांनी शब्द टाकल्यावर शिष्या म्हणून स्वीकारले. इंद्रादेवी या नावाने त्यांनी १९३९ मध्ये शांघायला योगवर्ग सुरू केला, १९४७ मध्ये लॉस एंजलिस गाठले, नंतर मेक्सिको आणि शेवटी अर्जेंटिना येथे वास्तव्य केले आणि २००२ साली ब्यूनोस आयर्सला वयाच्या १०३ व्या वर्षी देह ठेवला. योग शिकवत जग फिरण्याचे याहून भव्य उदाहरण सापडणे कठीण. त्यांच्या जिद्दीबद्दल शंका नाही. तथापि त्या शांघायला गेल्या त्या वकिलातीत अधिकारी असलेल्या पतीच्या बदलीमुळे, आणि ज्या वर्षी त्यांनी हॉलिवूडच्या परिसरात वर्ग उघडला त्या वर्षी समस्त भारतीयांच्या वाट्याला त्या देशात १०० जागा होत्या, हेही विसरता येत नाही.

पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांची वाट निराळी होती. १९३७ साली ते पुण्यात आले ते काही महिन्यांसाठी, आणि जन्मभर पुण्याचेच झाले. आरंभीची वर्षे त्यांनी हलाखीत काढली. १९५२ मध्ये मुंबईत व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांची भेट झाली, १९५४ मध्ये त्यांच्याच निमंत्रणावरून अय्यंगार युरोपला गेले. म्हणजे परदेशाची पहिली हाक येण्यापूर्वी एकाच गावात १७ वर्षांचे अध्यापन त्यांच्या गाठीशी होते. पुढे त्यांनी जग पाहिले, परंतु घर पुण्यातच ठेवले. १९७५ साली संस्थाही तेथेच उभी केली आणि जगालाच पुण्याला यायला लावले. त्या संस्थेत शिकू इच्छिणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना आधी अनेक वर्षांच्या नियमित अभ्यासाची अट असे.

हिशेब कसा जुळतो?

आता आजच्या फिरत्या शिक्षकाच्या जमाखर्चाकडे वळू. त्याच्या मिळकतीचे मार्ग मुख्यत: तीन आहेत. पहिला, अन्न आणि निवास यांच्या मोबदल्यात वर्ग घेणे. ही उघड वस्तुविनिमयाची पद्धत. हिच्यात पोट भरते, शिल्लक पडत नाही. दुसरा मार्ग शिबिरांचा. एखाद्या रम्य ठिकाणी आठवडाभराचे शिबिर जाहीर करायचे, पाहुण्यांनी निवास, भोजन व शिक्षण यांचे एकत्रित शुल्क भरायचे आणि जागेच्या मालकाचे देणे भागवून उरेल ते शिक्षकाने घ्यायचे. येथे मालकाला शिक्षकाचे शीर्षासन पाहायचे नसते. हा आपल्याबरोबर किती पाहुणे आणील, हे पाहायचे असते. साहजिकच ज्याच्या ओळखीचा गोतावळा लंडन, बर्लिन वा न्यूयॉर्कमध्ये आहे त्याचे शिबिर भरते. नाशिकच्या किंवा साताऱ्याच्या उत्तम शिक्षकाचा गोतावळा त्याच्या आळीत असतो, आणि त्या आळीतील कोणी योगासाठी बालीला जात नाही.

तिसरा आणि सर्वांत किफायतशीर मार्ग म्हणजे शिक्षक तयार करण्याचे वर्ग. त्यामागील कारण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचित आहे. बॉमोल आणि बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली दाखवून दिले की चार वादकांची संगीतरचना वाजवायला पूर्वी जेवढी माणसे आणि जेवढा वेळ लागे तेवढाच आजही लागतो. कारखान्याप्रमाणे तेथे उत्पादकता वाढत नाही. आसनाचेही तसेच आहे. तासाचा वर्ग तासच घेतो. म्हणून उत्पन्न वाढवायचे तर विकण्याचा मालच बदलावा लागतो, आणि योगाऐवजी योगशिक्षकाचे प्रमाणपत्र विकले जाऊ लागते.

अमेरिकेत १९९९ साली स्थापन झालेल्या ‘योगा अलायन्स’ने २०० तासांच्या प्रशिक्षणाचा मानदंड रूढ केला. दिवसाला आठ तास धरले तर हे प्रशिक्षण पंचवीस दिवसांत संपते; परदेशातून आलेल्या प्रवाशाच्या रजेत ते नेमके बसते. रोज पहाटे एक तास आसने करणाऱ्या आपल्या एखाद्या शाळामास्तरांना तेवढेच तास भरायला २०० दिवस लागतील. तास दोघांचे सारखे. परंतु शरीराला आणि मनाला मुरण्यासाठी मिळालेला अवधी सारखा नाही. प्रमाणपत्रे भराभर निघाली की शिक्षकांचा पुरवठा वाढतो आणि पहिल्या मार्गाचा मोबदला आणखी घसरतो. काम जितके रम्य तितकी त्याची मजुरी कमी, हे ॲडम स्मिथने १७७६ साली नोंदवले होते. समुद्रकाठी सूर्योदयाला वर्ग घेण्याचा आनंद हाच पगाराचा एक भाग धरून मालक उरलेला भाग कापून घेतो.

दोन पारपत्रे

मग वर्षानुवर्षे फिरणाऱ्यांचे चालते कसे? याचे उत्तर योगात नसून चलनात आणि पारपत्रात आहे. डॉलर वा युरोत साठवलेली पुंजी गोव्यात, थायलंडमध्ये किंवा इंडोनेशियात अनेक पटींनी पुरते. रुपयांत साठवलेली पुंजी युरोपात उतरताच वितळते. हा फरक त्या प्रवाशाने निर्माण केलेला नाही आणि त्याबद्दल त्याला दोष देण्याचेही कारण नाही. परंतु त्याच्या स्वातंत्र्याची किंमत कोणत्या खात्यातून चुकती होते, ते आपण ओळखले पाहिजे.

पारपत्राची गोष्ट अधिक स्पष्ट आहे. परदेशी पाहुणा भारताच्या पर्यटक व्हिसावर अल्पमुदतीचा योगवर्ग करू शकतो. सरकारने ती सोय जाणीवपूर्वक ठेवली आहे. मात्र पर्यटक व्हिसावर पैसे घेऊन शिकवणे भारतात चालत नाही, इंडोनेशियातही नाही. अनेक देशांत तर अन्ननिवासाच्या मोबदल्यात घेतलेला वर्गही कामच समजला जातो. कायद्याचे शब्द सर्वांना सारखे आहेत. फळे सारखी नाहीत. जर्मन किंवा ब्रिटिश पारपत्रधारक कित्येक देशांत व्हिसाविना उतरतो आणि ‘सुट्टीवर आलो’ म्हटले की त्याला सहसा कोणी खोदून विचारत नाही. भारतीय तरुणाला युरोपला निघण्यापूर्वीच बँकेतील शिल्लक, निवासाची व्यवस्था आणि परतीचा बेत कागदोपत्री दाखवावा लागतो. २०२० नंतर बार्बाडोससारख्या अनेक देशांनी दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी खास व्हिसा काढले खरे, पण ते बहुधा परदेशातून मिळणाऱ्या उत्पन्नावर जगणाऱ्यांसाठी आहेत, आणि उत्पन्नाची किमान मर्यादा पुष्कळदा इतकी चढी असते की पडद्यावरून रुपयांत शिकवणारा तेथवर पोहोचत नाही.

स्वामी विष्णुदेवानंदांनी सीमा न मानणारे ‘पृथ्वी पारपत्र’ स्वत:च तयार केले होते आणि १९८३ साली लहानशा विमानातून बर्लिनची भिंत ओलांडून ते पूर्वेकडे उतरले. तेथील अधिकाऱ्यांनी चौकशी करून त्यांना काही तासांत परत पाठवले. ती कृती उदात्त होती. परंतु ते पारपत्र आपल्या विद्यार्थ्याला कोणत्याही खिडकीवर चालणार नाही.

करायचे काय?

याचा अर्थ भारतीय तरुणाने हा मार्ग सोडून द्यावा असा नाही. भारतीय योगशिक्षक आज चीन, व्हिएतनाम आणि आखाती देशांत नोकऱ्या करीत आहेत. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद परदेशांतील आपल्या केंद्रांवर शिक्षक पाठवते. पण या नोकऱ्या आहेत. तेथे तास ठरलेले, मालक ठरलेला, मुदत ठरलेली. त्यात प्रवास घडतो, स्वैर भ्रमण घडत नाही. हे समजून जाणारा फसत नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर दिसणारे परदेशी शिक्षकाचे आयुष्य प्रमाणपत्राबरोबर आपल्यालाही मिळेल, असे समजून कर्ज काढणारा मात्र हमखास फसतो.

म्हणून विद्यार्थ्यांना तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पदवी अर्धवट सोडू नका. परवाना देणारा अधिकारी आसने पाहत नाही, कागद पाहतो. काही वर्षे एका गुरूपाशी, एका जागी, रोजचा तास चुकवू नका; प्रवासात जागा, अन्न, झोप आणि हवामान सारे बदलते, तेव्हा टिकते ते एवढेच. आणि लेखी करार व कामाचा परवाना हातात आल्याशिवाय विमानात पाऊल ठेवू नका. पर्यटक म्हणून जाऊन शिकवू लागलेल्या माणसाचे वेतन बुडाले तर त्याला दाद मागायची सोय उरत नाही.

राज्यकर्त्यांनाही एक प्रश्न विचारला पाहिजे. डिसेंबर २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने २१ जून हा योगदिन मान्य केला, २०१६ मध्ये युनेस्कोने योगाचा मानवजातीच्या वारशात समावेश केला. दोन्ही गोष्टी अभिमानाच्या आहेत. परंतु व्यापाराच्या वाटाघाटींत आपण संगणक अभियंत्यांच्या व्हिसासाठी जो आग्रह धरतो, तो योगशिक्षकांच्या कामाच्या परवान्यासाठी तितक्याच नेटाने धरला पाहिजे. भारताने आपली स्वतंत्र प्रमाणन व्यवस्था उभी केली आहे. तिला इतर देशांत मान्यता मिळवून देणे, हे एका दिवसाच्या सामुदायिक आसनांपेक्षा कष्टाचे आणि म्हणूनच अधिक मोलाचे काम आहे. योग ही भारताने जगाला दिलेली देणगी आहे, असे आपण वारंवार म्हणतो. देणगी सीमेपार गेली. ती शिकवणारा आपला माणूस अजून व्हिसाच्या रांगेत उभा आहे, याची नोंद देणगीच्या पावतीवर कोणीतरी करायला हवी.