लहान पोट आणि घरची पंगत

वजन उतरविण्यासाठीं पोटावर केली जाणारी शस्त्रक्रिया आतां आपल्या शहरांतील घरांना अपरिचित राहिलेली नाहीं. कोणाच्या ना कोणाच्या नात्यांत, शेजारांत किंवा कचेरींत ती झालेली असते. परंतु तिच्याविषयीं बोलणें दोनच प्रकारचें ऐकूं येतें. एक पक्ष म्हणतो, "पोटच लहान केलें, आतां कसली चिंता!" दुसरा म्हणतो, "जिभेला आवर घालतां येईना, म्हणून ही सोपी वाट धरली." हीं दोन्ही मतें चुकीचीं आहेत, हें मला पुस्तकांत नव्हे, तर स्वतःच्या घरांत शिकावें लागलें. तीन वर्षांपूर्वीं माझ्या मुलावर ही शस्त्रक्रिया झाली. मी वैद्य नव्हे. आयुष्यभर गणित आणि भाषा शिकविणारा मास्तर आहें. तेव्हां कोणतें औषध घ्यावें, हें मी सांगणार नाहीं. शस्त्रक्रियेनंतर शरीरांत काय घडतें आणि घरच्या माणसांनीं त्या काळांत कसें वागावें, एवढेंच आज आपणांपुढें ठेवावयाचें आहे.

प्रथम पोटांत करतात तरी काय, तें पाहूं. आपलें जठर ही एक लवचिक पिशवी आहे. सध्यां प्रचारांत मुख्यतः दोन शस्त्रक्रिया आहेत. पहिलीला 'स्लीव्ह' म्हणतात. तींत जठराचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग काढून टाकून सदऱ्याच्या बाहीसारखी एक अरुंद नळी तेवढी शिल्लक ठेवतात. दुसरी 'गॅस्ट्रिक बायपास'. तींत जठराच्या वरच्या टोकाशीं सुमारें ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी, पिशवी वेगळी करून ती लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडतात. जुना राजमार्ग सोडून अन्न या वळणरस्त्यानें खालीं जातें. अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत डॉ. एडवर्ड मेसन व डॉ. चिकाशी इटो यांनीं १९६६ सालीं या पद्धतीचा पाया घातला. जठरव्रणासाठीं ज्यांच्या जठराचा भाग काढला जाई, त्या रोग्यांचें वजन घटतें आणि पुन्हां सहसा वाढत नाहीं, हें मेसन यांच्या ध्यानीं आलें होतें. पुढें १९९० नंतरच्या दशकांत दुर्बिणीच्या साह्यानें, पोटावर चार-सहा लहान छिद्रें पाडून, हें काम होऊं लागलें. आज रोगी बहुधा दोन-तीन दिवसांत घरीं येतो. माझ्या मुलाची शस्त्रक्रिया बायपासची होती. वय ३८, वजन १३२ किलो, आणि सहा वर्षांचा मधुमेह.

आतां 'सोपी वाट' या आक्षेपाविषयीं. उपास-पथ्य करून वजन उतरविलें, कीं शरीर त्याला दुष्काळ समजतें आणि भूक वाढवून गेलेलें वजन परत मागतें. पुष्कळांचें पथ्य याच ठिकाणीं मोडतें. तो नेहमींच मनोनिग्रहाचा पराभव नसतो. भुकेचा संदेश मेंदूकडे नेणारें 'घ्रेलिन' नांवाचें एक द्रव्य आहे. जपानी संशोधकांनीं १९९९ सालीं त्याचा शोध लावला. तें मुख्यतः जठराच्या वरच्या भागांत तयार होतें. स्लीव्हमध्यें नेमका तोच भाग निघून जातो. बायपासनंतर तृप्तीची जाणीव देणारीं आतड्यांतील द्रव्यें अधिक स्रवूं लागतात. म्हणून या शस्त्रक्रियेनें पोटाबरोबर भुकेची भाषाही बदलते. पुष्कळ मधुमेही रोग्यांची साखर तर वजन फारसें उतरण्यापूर्वींच खालीं येऊं लागते. तथापि हें शस्त्रक्रियेचें काम झालें. उरलेलें काम रोग्यानें आणि त्याच्या घरानें करावयाचें असतें, आणि तें जन्मभर पुरतें.

पहिले सहा ते आठ आठवडे सर्वांत जपण्याचे. जठराचे व आतड्याचे नवे सांधे जुळून येईपर्यंत त्यांवर भार पडूं द्यावयाचा नसतो. म्हणून आहार पायरीपायरीनें वाढवितात. आरंभीं वरणाचें निवळ पाणी, पातळ ताक असे पेय पदार्थ, तेही घोट घोट. नंतर दूध व गाळलेलीं सूपें. पुढें घोटलेलें मुगाचें वरण किंवा कुस्करलेलें पनीर यांसारखें लापशीसारखें अन्न. मग मऊ खिचडी, मऊ शिजवलेली भाजी, अंडें. आणि शेवटीं नेहमींचा आहार, परंतु नेहमींच्या मापानें नव्हे. प्रत्येक पायरीचे दिवस आपल्या डॉक्टरांनीं सांगितले तेच खरे. शेजाऱ्याच्या अनुभवावरून ते बदलूं नयेत. याच काळांत ताप, वाढती पोटदुखी, छातीची अकारण धडधड, धाप लागणें किंवा पोटरी सुजून दुखणें, यांपैकीं एकही लक्षण दिसलें तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. सांधा पाझरणें आणि पायांत रक्ताची गांठ होणें हे धोके क्वचित् घडतात, पण घडले तर तेथें तासांचा हिशेब असतो.

आतां माझी चूक सांगतों. मुलाची शस्त्रक्रिया माघ संपतां संपतां झाली, आणि पांचव्या आठवड्यांत गुढीपाडवा आला. तो मऊ अन्नाच्या पायरीवर होता. घरीं श्रीखंड केलेलें. सणाच्या दिवशीं मुलानें वाटीभर वरण चमच्यानें खात बसावें, हें मला पाहवेना. मीं म्हटलें, "अरे, श्रीखंड तर मऊच आहे. दोन चमच्यांनीं काय होतें?" तो नको म्हणत होता, माझ्या शब्दासाठीं त्यानें घेतलें. पंधरा-वीस मिनिटांत त्याला दरदरून घाम फुटला, छाती धडधडूं लागली, पोटांत कळा येऊं लागल्या आणि तो भिंतीला धरून खालीं बसला. हृदयविकाराचा झटका आला असें समजून माझे हातपाय गळाले. डॉक्टरांना दूरध्वनि केला, तेव्हां उलगडा झाला. याला 'डंपिंग' म्हणतात. निरोगी जठराच्या खालच्या टोकाशीं एक द्वारपाल असतो. तो अन्न थोडें थोडें पुढें सोडतो. बायपासमध्यें हा द्वारपाल वाटेंतून वगळला जातो. मग गोड पदार्थ एकदम लहान आतड्यांत उतरतो, रक्तांतील पाणी तिकडे ओढलें जातें आणि हा प्रकार घडतो. कांहीं जणांना खाल्ल्यावर एक ते तीन तासांनीं साखर एकाएकीं उतरून चक्कर येते, तो याचाच दुसरा प्रकार. मऊपणा आणि योग्यता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हें जन्मभर मुलांना शब्दांचे अर्थ शिकविणाऱ्या मला त्या दिवशीं कळलें.

त्यानंतर आमच्या घरांत जेवणाचे नवे नियम झाले. घांस लहान, तो वीस-पंचवीस वेळां चावावा, आणि जेवणास वीस मिनिटें तरी द्यावीं. जेवतांना पाणी नाहीं. जेवणानंतर अर्ध्या तासानें घोट घोट सुरू करून दिवसांत दीड ते दोन लीटर भरून काढावें. पोट भरल्याची खूण मिळतांच हात थांबवावा. पानांत उरलेला एक घांस टाकवत नाहीं म्हणून खाल्ला, तर उलटी ठरलेली. आणि मुख्य नियम, प्रथिनें आधीं. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनें लागतात, नाहीं तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. हें गणित शाकाहारी घरांत सोपें नाहीं. एका अंड्यांत सुमारें ६ ग्रॅम, पेलाभर दुधांत सहा-सात, वाटीभर वरणांतही तेवढींच. पोट लहान, तेव्हां भात-पोळीनें जागा अडविली कीं डाळ, पनीर, दही यांना ठिकाणच उरत नाहीं. म्हणून पानांत आधीं उसळ, वरण, दही, मग भाजी, आणि जागा उरली तर शेवटीं भाताचा घांस. आपल्या वाढण्याचा क्रम येथें उलटा करावा लागतो.

दुसरी ठेंच लागली ती दीड वर्षानें. वजन उतरून ८८ किलोंवर आलें होतें, सर्व जण कौतुक करीत होते, आणि आतां आपण बरे झालों या समजुतीनें मुलानें वर्षभरापूर्वींच जीवनसत्त्वांच्या गोळ्या सोडल्या होत्या. मग थकवा येऊं लागला, तळपायांना मुंग्या येऊं लागल्या, जिन्याची पायरी चुकूं लागली. तपासणींत बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी निघालें. कारण सरळ आहे. बायपासनंतर अन्न ज्या भागाला वगळून जातें, तेथेंच लोह आणि कॅल्शियम यांचें मोठें शोषण होत असतें, आणि बी-१२ शोषण्यास लागणारा जठरांतील रस अन्नाला नीट भेटत नाहीं. त्यांतून शाकाहाऱ्याच्या अन्नांत बी-१२ दूध-दह्यापुरतेंच. यकृतांतील सांठा कांहीं काळ पुरतो, म्हणून उणीव उशिरां कळते. आणि फार उशीर झाला तर मज्जातंतूंची हानि भरून येईलच असें नाहीं. इंजेक्शनें घेऊन मुलगा सुधारला. तळपायांची थोडी बधिरता मात्र अद्यापि आहे. म्हणून बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हीं जन्मभराचीं, आणि रक्ततपासणी ठराविक मुदतीनें. लोह आणि कॅल्शियम एका वेळीं घेऊं नयेत; दोन तासांचें अंतर असावें. लोहाच्या गोळीवर चहाही नको. आणि कोणाला दिवसेंदिवस उलट्या होत असतील, तर बी-१ जीवनसत्त्व झपाट्यानें संपून मेंदूस इजा होऊं शकते. तेथें घरगुती उपाय करीत बसूं नये.

आणखी कांहीं गोष्टी आधीं ठाऊक असल्या म्हणजे माणूस घाबरत नाहीं. तिसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास केस गळतात. आहार नीट असला तर ते पुन्हां येतात. कातडी सैल पडते. वजन झपाट्यानें उतरतांना पित्ताशयांत खडे होऊं शकतात. मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या औषधांचें माप बदलावें लागतें. जुन्याच मापानें घेतल्यास साखर धोक्यापर्यंत उतरते. अंगदुखीच्या कित्येक नित्याच्या गोळ्यांनीं नव्या सांध्यावर व्रण होतो, म्हणून विचारल्याविना त्या घेऊं नयेत. तंबाखू व धूम्रपान यांचाही तोच दोष. मद्य पूर्वीपेक्षां लवकर व अधिक चढतें, आणि अन्नाची जागा त्यानें घेतल्याचीं उदाहरणें आहेत. तरुण स्त्रियांनीं बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी, असा वैद्यांचा सल्ला असतो.

पण शरीरापेक्षां अवघड काम मनाचें. आपल्याकडे प्रेम ताटांतून व्यक्त होतें. वाढणाऱ्यानें आग्रह करावा, जेवणाऱ्यानें नको म्हणत घ्यावें, हा आपला शिष्टाचार. ज्याला चार घांसांत थांबावें लागतें, त्याला पंगत ही परीक्षा वाटूं लागते. माझा मुलगा वर्षभर लग्नामुंजींना गेला नाहीं. "आजारी आहेस का?", "एवढेंच खातोस?", "ऑपरेशन करून बारीक झाला, त्यांत काय मोठेंसें!" या वाक्यांना तो कंटाळला होता. शिवाय दुःखांत, कंटाळ्यांत, एकटेपणांत खाणें हाच ज्याचा विसावा होता, त्याचा तो विसावा एका दिवसांत गेला. त्याची जागा दुसऱ्या कशानें तरी भरावी लागते. त्यासाठीं समुपदेशकाचें साह्य घेण्यांत कमीपणा नाहीं.

अठराव्या महिन्यानंतर वजन चार किलोंनीं वाढलें, तेव्हां तो फार खचला. "सगळें वायां गेलें," म्हणाला. वस्तुतः एवढें परत येणें सामान्य आहे. पहिल्या वर्ष-दीड वर्षांत वजन सर्वांत अधिक उतरतें. मग भूक कांहींशी परतते आणि शरीर नव्या ठिकाणीं स्थिरावतें. लहान पोट पोळीला अडवितें. सरबत, आइस्क्रीम, चिवडा यांना मात्र अडवीत नाहीं. तीं थोडथोडीं दिवसभर जात राहतात. आम्हीं भांडून नव्हे, तर हिशेब मांडून तें शोधलें, आणि संध्याकाळीं दोघे मिळून फिरावयास जाऊं लागलों.

श्रोतेहो, घरच्यांनीं करावयाचें तें फार थोडें आहे. लहान ताटली ठेवावी. आग्रह करूं नये, आणि प्रत्येक घांसावर पहाराही ठेवूं नये. दोहोंचा जाच सारखाच. वजनाची चौकशी रोज करूं नये. गोळ्यांची आणि तपासणीच्या तारखेची आठवण मात्र ठेवावी. यंदाच्या पाडव्याला श्रीखंडाचें पातेलें माझ्या हातीं होतें. मी त्याच्या पानापुढून तसाच पुढें गेलों. त्यानें मान वर करून पाहिलें आणि हंसला. मग आपल्या वाटींतली उसळ संपेपर्यंत तो आम्हां सर्वांबरोबर पंक्तींत बसून राहिला.

ज्यांच्या घरीं असें कोणी असेल, त्यांना माझ्या चुकीचा उपयोग व्हावा, एवढी इच्छा प्रकट करून मी आपली रजा घेतों.