मुंग्या थांबल्या म्हणजे हात बरा झाला?

आई रात्री उठून हात झटकते. ‘कामाने दुखत असेल’ म्हणून आपणही सोडून देतो. पण मनगटात दबलेली नस थांबत नाही. आणि ऑपरेशनचा निकाल बराचसा ऑपरेशनच्या आधीच लागलेला असतो. तो कसा?

रात्रीचे दोन वाजलेले. घरातलं कुणीतरी उठून बसतं, अंधारातच हात झटकतं, बोटांची उघडझाप करतं आणि पुन्हा आडवं होतं. सकाळी विचारा, उत्तर ठरलेलं. ‘काही नाही रे, मुंग्या आल्या होत्या.’ दवाखान्यात चल म्हणा, त्याचंही उत्तर ठरलेलं. ‘रोवणं निपटू दे, मंग पाहू.’

गोंदिया जिल्ह्यात राहत असाल, तर हे संवाद तुम्हाला नवीन नाहीत. धानाचा आणि तेंदूपत्त्याचा हा जिल्हा. बिडीचा धंदा पूर्वीसारखा राहिला नाही, पण मांडीवर सूप घेऊन बिड्या वळणारे हात अजूनही आहेत. पावसाळ्यात तेच हात बांधीतल्या चिखलात एकेक रोप चिमटीत धरून रोवतात. आणि यातल्या बऱ्याच जणींचं दुखणं ‘वय झालं’ या दोन शब्दांत गुंडाळलं जातं.

त्या दुखण्याचं नाव अनेकदा कार्पल टनेल सिंड्रोम असतं.

मनगटातला बोगदा

आपल्या मनगटात एक चिंचोळा बोगदा आहे. खाली आणि बाजूंना छोटी छोटी हाडं, वर एक जाड, चिवट पट्टा. या बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या ९ दोऱ्या म्हणजे स्नायुरज्जू जातात आणि त्यांच्यासोबत एक नस, मीडियन नर्व्ह. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू, एवढ्या भागातली जाणीव हीच नस मेंदूपर्यंत नेते. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो, त्यातल्या बहुतेक स्नायूंनाही तीच चालवते.

बोगद्यात जागा मुळातच कमी. आतल्या दोऱ्यांभोवतीचं आवरण सुजलं की चेंगरते ती नस. झोपेत आपलं मनगट नकळत वाकतं, दाब आणखी वाढतो, म्हणून त्रास रात्री जास्त.

हे कुणाला होतं? पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. डायबेटिस, थायरॉईडची कमतरता, संधिवात, लठ्ठपणा, गरोदरपण यांत धोका वाढतो. शिवाय जोर लावून, तीच ती हालचाल तासन् तास करणारे हात. बिडीचंच बघा. पान कापायचं, तंबाखू भरायची, चिमटीत धरून वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. मजुरी मिळते ती हजार बिड्यांच्या हिशेबाने. म्हणजे एवढ्या सगळ्या हालचाली हजार वेळा, तेव्हा कुठे एक हिशेब पूर्ण होतो.

तीन पायऱ्या

या आजारात ‘आहे की नाही’ एवढाच प्रश्न नसतो. ‘किती आहे’ हा खरा प्रश्न. डॉक्टर त्याच्या ढोबळ तीन पायऱ्या करतात.

पहिली, सौम्य. मुंग्या येतात आणि जातात. रात्री, किंवा गाडीचं हँडल बराच वेळ धरल्यावर. हात झटकला की बरं वाटतं.

दुसरी, मध्यम. आता दिवसाही त्रास. सुईत दोरा ओवता येत नाही, कप हातातून निसटतो, ब्लाऊजचे हुक लागत नाहीत.

तिसरी, तीव्र. बोटं कायमची बधिर. अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा सपाट होत जातो, चिमटीत जोर राहत नाही.

इथेच मोठी फसगत होते. तिसऱ्या पायरीवर अनेकांच्या मुंग्या आणि ठणका कमी होतो. घरातले म्हणतात, ‘चला, तेल लावून आराम पडला.’ खरं तर तक्रार करणारी नसच थकलेली असते. मुंग्या म्हणजे नसेची आरडाओरड. ती थांबली आणि बोटं मात्र बधिरच राहिली, तर तो आराम नव्हे.

नेमकी पायरी कळायला नर्व्ह कंडक्शन नावाची तपासणी आहे. हाताला विजेचे अगदी हलके झटके देऊन नसेतून संदेश किती वेगाने आणि किती ताकदीने जातो, ते मोजतात. झटके जाणवतात, पण सहन होतात.

‘नस कापतात म्हणे!’

ऑपरेशन म्हटलं की घरात पहिली भीती हीच. तर नीट ऐका आणि घरीही सांगा. ऑपरेशनमध्ये नस कापत नाहीत. कापतात तो बोगद्याच्या छतावरचा पट्टा. छत उघडलं, नसेला जागा मिळाली, संपलं. बहुतेक वेळा तेवढाच हात बधिर करून काम होतं, साधारण १५-२० मिनिटं लागतात आणि पेशंट त्याच दिवशी घरी येतो.

दुसरी भीती जास्त खोल असते. ‘शेजारच्या काकूंनी केलं, काहीच फरक नाही पडला.’ काकू खोटं बोलत नाहीत. पण त्या ऑपरेशनला कोणत्या पायरीवर गेल्या होत्या, हे कुणी विचारत नाही. कित्येक वर्षं बोटं बधिर, उंचवटा सपाट, मग ऑपरेशन. नस मोकळी झाली, पण मधल्या काळात तिच्या आतल्या तारा सुकल्या होत्या. त्या पुन्हा वाढतात त्या दिवसाला साधारण १ मिलिमीटर या कासवाच्या गतीने, आणि सगळ्या वाढतीलच असंही नाही. काकूंचा अनुभव ऐकून आणखी चार जणी घाबरतात, थांबतात आणि त्याही तिसऱ्या पायरीवर पोहोचतात. गावात ऑपरेशनचं नाव खराब होतं ते असं.

म्हणजे तीव्र अवस्थेत ऑपरेशन करूच नये का? करावं. रात्रीचा ठणका बहुतेकांचा जातो, नुकसान पुढे जाणं थांबतं आणि अनेकांना थोडीफार जाणीव परतही मिळते. फक्त ‘हात पहिल्यासारखा होईल’ ही अपेक्षा आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावी.

ऑपरेशननंतरचं कॅलेंडर

सौम्य-मध्यम अवस्थेत ऑपरेशन झालं, तर रात्रीची झोप बऱ्याचदा पहिल्या काही दिवसांतच परत येते. बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची, हात उंच ठेवायचा, पट्टी ओली होऊ द्यायची नाही. टाके १०-१४ दिवसांत निघतात. हलकी कामं दोन-चार आठवड्यांत सुरू होतात. जोराची कामं मात्र दीड-दोन महिने, कधी त्याहून जास्त लांबवावी लागतात.

मुठीतली ताकद सुरुवातीला चक्क कमी होते. घाबरू नका, ती साधारण तीन महिन्यांत परत येते. तळहाताच्या बुडाशी दाबलं की दुखतं, तेही काही आठवडे ते महिने चालतं. बधिरपणा जुना असेल, तर त्याला सहा महिने, वर्षही लागू शकतं.

आता खरी अडचण. हजारी मजुरीवरच्या बाईला दीड-दोन महिने सुट्टी कोण देणार? म्हणून तारीख घरात बसून ठरवा. रोवणी कधी, कापणी कधी, मधला मोकळा काळ कुठला. आणि त्या काळात पाण्याचा गुंड उचलणं, कपडे पिळणं, कणीक मळणं कोण करणार, हेही नावानिशी ठरवा. कॉलेज सांभाळून हे जमतं. ‘आई, तू आराम कर’ म्हणून मोबाईल घेऊन बसलं तर मात्र आई उठून भांडी घासतेच.

आणि आपला हात?

मोबाईल-टायपिंगमुळे हा आजार होतो का? यावर संशोधकांचंच एकमत नाही. पण एक खूण लक्षात ठेवा. फोन धरून करंगळीला मुंग्या येत असतील, तर बहुधा ही नस नाही. करंगळीची नस वेगळी आणि ती कोपरामागून जाते. कोपर वाकवून तासभर रील्स बघितल्या की ती कुरकुरते. मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांत येतात, हे डॉक्टरांना सांगितलंत तर निम्मं निदान तिथेच होतं.

घरी काय कराल?

• दोन्ही तळहातांच्या मागच्या बाजू एकमेकींना टेकवा, बोटं खाली, मनगटं वाकलेली. एक मिनिट थांबा. पहिल्या तीन बोटांत मुंग्या आल्या तर डॉक्टरांना दाखवा. याला फॅलनची चाचणी म्हणतात. ती नकारात्मक आली तरी त्रास असेल तर दाखवाच.

• दोन्ही हातांचे अंगठ्याखालचे उंचवटे शेजारी ठेवून बघा. एक सपाट दिसतोय? मग वाट पाहू नका.

• शुगर आणि थायरॉईड तपासून घ्या.

• त्रास सौम्य असेल तर मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री बांधून काही आठवड्यांत फरक पडू शकतो. कधी इंजेक्शनही देतात. दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

• गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पहिल्या तपासणीसाठी नागपूरच गाठायला हवं असं नाही. सरकारी योजनेत काय बसतं, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. बिडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर तेही सोबत न्या.

• आणि ‘रोवणं निपटू दे’ असं उत्तर आलं, तर तारीख विचारा. रोवणं निपटल्यावर कोणत्या दिवशी? तो दिवस कॅलेंडरवर लिहून टाका.