पेट्रोलवर चालणारा प्रवासी स्टोव्ह : निवड कशी करावी?

भोपाळहून पंचमढी सुमारे दोनशे किलोमीटर. मोटारसायकलने जाणारे तरुण सकाळी निघून दुपारपर्यंत सातपुड्याच्या पायथ्याशी पोहोचतात. रेल्वेने जाणारे पिपरियाला उतरून पन्नासेक किलोमीटरचा घाट चढतात. मुक्काम उघड्यावर करायचा असेल तर पहिला प्रश्न उभा राहतो तो चुलीचा. लाकडे गोळा करून शेकोटी पेटवण्याचे दिवस आता गेले. पंचमढीभोवतीचे बरेचसे रान व्याघ्र प्रकल्पात मोडते, आणि अभयारण्याला धोका पोहोचेल अशा रीतीने विस्तव पेटवणे किंवा पेटता सोडणे याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. तेव्हा जेथे परवानगी आहे अशा जागी, मोकळ्या जमिनीवर, सोबत नेलेला स्टोव्ह पेटवणे एवढाच मार्ग उरतो.

मग कोणीतरी सुचवतो, “गाडीत पेट्रोल आहेच की! पेट्रोलवर चालणारा स्टोव्ह घेऊ.” कल्पना मोठी आकर्षक आहे. गॅसचे छोटे डबे मुंबई-पुण्याच्या गिर्यारोहण साहित्याच्या दुकानांत मिळतात, पिपरियाच्या बाजारात मिळतील याचा भरवसा नाही. रॉकेल तर रेशनच्या दुकानांतूनही दुर्मिळ झाले आहे. पेट्रोल मात्र प्रत्येक तालुक्याच्या गावी मिळते. तथापि ‘पेट्रोल सर्वत्र मिळते’ आणि ‘पेट्रोलचा स्टोव्ह सोयीचा आहे’ ही दोन वेगळी विधाने आहेत. त्यांच्यामधले अंतर ध्यानात न घेता खरेदी केली, तर पैसे वाया जाणे हे त्यातले सर्वांत किरकोळ नुकसान ठरते.

आपल्या घराघरांतून एके काळी भर्र आवाज करीत जळणारा पंपाचा स्टोव्ह वाचकांना आठवत असेल. स्टॉकहोमच्या लिंडक्विस्ट या कारागिराने १८९२ च्या सुमारास तो तयार केला आणि ‘प्रायमस’ हे त्याच्या मालाचे नाव जगभर त्या वस्तूचेच नाव होऊन बसले. नान्सेन आणि अमुंडसेन हे ध्रुवप्रदेशांचे प्रवासी त्यावरच बर्फ वितळवीत असत. त्याची रचना सोपी आहे. खाली पितळी टाकी, तिच्यात रॉकेल, पंप मारून हवेचा दाब द्यायचा. काकडा लावून बर्नर आधी तापवायचा. तापलेल्या नळीतून वर चढताना रॉकेलची वाफ होते, ती बारीक छिद्रातून जोराने बाहेर पडते, हवेत मिसळते आणि निळी जळते. पेट्रोलच्या स्टोव्हचे तत्त्वही हेच आहे, आणि घात होतो तो नेमका या साम्यामुळे. ‘रॉकेल जळते तर पेट्रोल का नाही?’ असे म्हणून घरच्या जुन्या स्टोव्हमध्ये पेट्रोल ओतणारे महाभाग अजूनही भेटतात.

ते का करू नये हे नीट समजून घेतले पाहिजे. द्रवावरची वाफ ठिणगीने पेट घेण्यासाठी त्या द्रवाला एक किमान तपमान लागते. रॉकेलच्या बाबतीत ते ३५ अंश सेल्सिअसच्या वर असते. (भोपाळच्या मे महिन्यातला पारा पाहता तेही फारसे दूर नाही.) पेट्रोलचे हेच तपमान शून्याखाली ४० अंशांच्या आसपास आहे. म्हणजे आपल्या देशात कोठेही, कोणत्याही ऋतूत, उघड्या पेट्रोलवर पेट घेण्याजोगी वाफ असणारच. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून न जाता जमिनीलगत पसरते, खोलगट जागेत साचते आणि पाच-सात पावलांवरच्या पेटत्या विडीपर्यंत जाऊन पोहोचते. हवेपेक्षा जड वायू जमिनीलगत कसा सरकतो हे २ डिसेंबर १९८४ च्या रात्रीनंतर भोपाळात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. त्या वायूची जात वेगळी होती, पण त्याचे जमिनीलगत राहणे याच गुणामुळे होते.

जुन्या पंपाच्या स्टोव्हची टाकी बरोबर ज्योतीखाली असते. रॉकेलला ती थोडी तापलेली चालते. पेट्रोल मात्र त्या उष्णतेने झपाट्याने वाफाळते, टाकीतला दाब आपण पंप न मारताही वाढत जातो आणि वॉशरमधून किंवा झाकणातून वाफ बाहेर पडली की ज्योत तिला हातभरावर भेटते. पुढचे वर्णन करण्याची गरज नाही.

म्हणून निवडीची पहिली कसोटी अशी, की टाकी ज्योतीपासून दूर हवी. या कसोटीला पहिले चांगले उत्तर अमेरिकेतल्या सिॲटल येथील लॅरी पेनबर्थी या अभियंत्याने १९७३ साली दिले. उंचावर गिर्यारोहक आजारी पडतात त्याला अपुरे पाणी पिणे हे मोठे कारण आहे असे त्याचे मत होते, आणि पाणी अपुरे पडते कारण बर्फ वितळवण्यास स्टोव्ह वेळ लावतात. त्याने इंधनाची बाटली बर्नरपासून वेगळी केली, मधे नळी टाकली आणि पंप बाटलीच्या तोंडाशी बसवला. आज बाजारात असलेले पेट्रोलचे बहुतेक चांगले प्रवासी स्टोव्ह याच घराण्यातले आहेत. त्याच्याही आधी, १९४२ मध्ये, कोलमन कंपनीने अमेरिकन सैनिकांसाठी गाडीच्या पेट्रोलवर चालणारा छोटा स्टोव्ह बनवला होता. त्याची टाकी खालीच होती, परंतु तो मुळापासून पेट्रोलसाठीच आखलेला होता. जुना माल हौसेने विकत घेणाऱ्यांनी हा फरक विसरू नये.

दुसरी कसोटी माहितीपुस्तिकेत सापडते. काही पुस्तिकांत ‘व्हाइट गॅस’ असे इंधन लिहिलेले असते. हा गॅस नव्हे. ते विशेष शुद्ध केलेले, पेट्रोलच्याच जातीचे द्रव इंधन असून आपल्याकडे पंपावर मिळत नाही. केवळ त्याचाच उल्लेख असेल तर तो स्टोव्ह आपल्या कामाचा नाही. ‘अनलेडेड पेट्रोल’ किंवा ‘गॅसोलीन’ हे शब्द स्पष्ट छापलेले हवेत. शिसे घातलेले पेट्रोल भारतात २००० सालापासून बंद झाले, ही एक जुनी चिंता मिटली. बहुइंधनी स्टोव्हसोबत वेगवेगळ्या छिद्रांचे जेट मिळतात. एका प्रसिद्ध बनावटीत पेट्रोलसाठी ०.३७ मिलिमीटरचे आणि रॉकेल-डिझेलसाठी ०.२८ मिलिमीटरचे छिद्र असते. इंधन जितके जड तितके छिद्र बारीक. जेट न बदलता इंधन बदलले की पिवळी ज्योत, काजळी आणि शिव्या. डिझेलबद्दल एवढेच सांगतो, की ते जळते, पण धूर व वास असा देते की चहालाही जीपचा स्वाद येतो.

नवी अडचण इथेनॉलची आहे. २०२५ पासून आपल्या पंपांवर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये साधारण २० टक्के इथेनॉल असते. त्यामुळे एका लिटरमधली उष्णता सुमारे सात टक्क्यांनी घटते, ही बाब क्षुल्लक आहे. क्षुल्लक नाही ती गोष्ट म्हणजे इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते आणि काही प्रकारचे रबर फुगवते किंवा कडक करते. पंपाचे वॉशर आणि नळीच्या जोडावरची रबरी कडी हीच या स्टोव्हची मर्मस्थाने होत. विकत घेताना ‘इथेनॉलमिश्रित पेट्रोल चालते का?’ असा प्रश्न दुकानदाराला अवश्य विचारावा आणि उत्तर गोलमाल मिळाले तर दुसरे दुकान पाहावे. वॉशरांचा सुटा संच मिळत नसेल तर स्टोव्ह कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

इंधन किती लागेल? हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला आणण्यास ३०० किलोज्यूलहून थोडी अधिक उष्णता लागते. धूपगडावर, १३५० मीटर उंचीवर, पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. निम्मी उष्णता वाऱ्यावर गेली असे धरले तरी वीस-बावीस मिलिलिटर पेट्रोल पुरते. वारा जोराचा असेल तर तीस धरा. चौघांच्या चहा-खिचडीला दिवसाचे पाव लिटर पुष्कळ झाले. दोन लिटरची बाटली मिरवण्यात शहाणपण नाही. बाटली काठोकाठ भरू नये, वर हवेला जागा ठेवावी. आणि बाटली स्टोव्हच्या कंपनीचीच असावी, सरबताची नव्हे.

पण हे पाव लिटर बाटलीत येणार कसे? येथे ‘पेट्रोल सर्वत्र मिळते’ हे वाक्य लंगडे पडते. स्वतःच्या वापरासाठी ३० लिटरपर्यंत पेट्रोल घट्ट बुचाच्या धातूच्या भांड्यात बाळगण्यास कायद्याने परवाना लागत नाही, तथापि बहुतेक पंपांवर बाटलीत पेट्रोल देण्यास नकारच मिळतो, आणि त्यांची सावधगिरी समजण्याजोगी आहे. पूर्वी मोटारसायकलच्या टाकीखालच्या कॉकची नळी काढली की काम होई. २०२० च्या बीएस-६ नियमांनंतरच्या बहुतेक गाड्यांना तो कॉकच नसतो. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढणे तर सर्वस्वी वर्ज्य; थेंबभर श्वासनळीत गेले तरी फुफ्फुसाला इजा होते. हातपंपाची छोटी नळी मिळते, ती स्टोव्हबरोबरच घ्यावी आणि निघण्यापूर्वी आपल्या गाडीवर घरीच वापरून पाहावी.

हे सारे पाहता माझे मत असे, की जीपने दोन दिवस पंचमढीला जाणाऱ्या कुटुंबाने पेट्रोलच्या स्टोव्हच्या वाटेला जाऊ नये. पाच किलोचा गॅसचा सिलिंडर आणि साधी शेगडी त्यांना अधिक सुरक्षित. भाताखालची आच मंद करणेही सोपे. पेट्रोलचे बरेच स्टोव्ह एक तर गर्जतात नाहीतर विझतात. मोटारसायकलवरून आठ-दहा दिवस भटकणाऱ्यांनी, लडाख-स्पितीकडे जाणाऱ्यांनी मात्र तो जरूर घ्यावा. त्यांना गॅसचा डबा संपल्यावर दुसरा मिळेलच असे नसते, आणि थंडीत डब्यातला गॅस मंदावतो तेथे दाबाचा स्टोव्ह जोमाने चालतो.

पेटवण्याची जागा तंबूबाहेर. पाऊस असो की बोचरे वारे, आत नाही. पेट्रोलचा बर्नर तापवताना पहिली पिवळी ज्योत वीतभर उसळतेच, आणि नायलॉनचे कापड तिला क्षणभरही पुरत नाही. त्याहून कपटी आहे तो कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोप येते आहे असेच वाटत राहते. पेटत्या स्टोव्हची बाटली कधीही उघडू नये. विझवून, निववून, दाब सोडून, मगच बूच फिरवावे.

परतताना रेल्वेने येणार असाल तर स्टेशनात शिरण्यापूर्वी बाटली पूर्ण रिकामी करून उघडी वाळवावी. डब्यात पेट्रोल नेणे हा गुन्हा असून त्याला कैदेची तरतूद आहे. उरलेले पेट्रोल रस्त्याकडेला ओतू नये, सोबतच्या कोणाच्या मोटारसायकलच्या टाकीत घालावे. रॉकेलच्या बाबतीत ती सोय कधीच नव्हती.